जोडीदाराचा अमेरिकन इमिग्रंट व्हिसा : कागद अडकले तर कुठून, कसे सोडवायचे

‘आमची फाइल अमेरिकेत अडकलीय’ असं कोणी सांगितलं की मी आधी एकच विचारते : शेवटचं पत्र किंवा ईमेल कोणाकडून आला, आणि त्यात नेमकं काय मागितलं होतं? त्या उत्तरातून बऱ्याचदा कळतं की फाइल अमेरिकेत अडकलेलीच नाही. ती आजोळच्या ग्रामपंचायतीतल्या एका रजिस्टरपाशी, पासपोर्टवरच्या एका अक्षरापाशी किंवा सही करायची राहून गेलेल्या एका फॉर्मपाशी थांबलेली असते. सरकारी वेळ आपल्या हातात नसतो. कागद कोणत्या क्रमाने गोळा करायचे, कोणता आधी मागायचा आणि कोणता मुद्दाम थांबून काढायचा, हे मात्र पूर्ण आपल्या हातात असतं. महिने वाचतात ते तिथेच.

हा लेख अशा जोडप्यांसाठी आहे ज्यांच्यातला एक अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे आणि दुसरा भारतात आहे. अमेरिकेतल्या जोडीदाराला इथे मी पिटिशनर म्हणणार आहे, कारण सगळ्या पत्रांत तोच शब्द येतो.

पायरी पहिली : फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते ठरवा

ही केस तीन टेबलांवरून जाते. पहिलं यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं. तिथे पिटिशनर आय-१३० हा जोडीदारासाठीचा अर्ज भरतो आणि लग्न खरं आहे हे दाखवतो. दुसरं न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरचं, म्हणजे एनव्हीसीचं. तिथे फी, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज, आर्थिक हमीचा आय-८६४ आणि भारतातले दाखले जमा होतात. तिसरं वाणिज्य दूतावासाचं, जिथे मुलाखत होते. केस मुंबईला नेमलेली असेल तर एनव्हीसीचा केस नंबर ‘बीएमबी’ या अक्षरांनी सुरू होतो.

प्रत्येक टेबलाची मुदत वेगळी आहे आणि लोक नेमका इथेच घोळ करतात. यूएससीआयएसने आणखी पुरावा मागितला, म्हणजे आरएफई आली, तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. टपालासाठी थोडे दिवस वर धरले जातात, पण खरी तारीख पत्रावर छापलेली असते आणि तीच पाळायची. ही मुदत वाढवून मिळत नाही. उत्तरही एकदाच, एकत्र द्यायचं असतं. अर्धे कागद आज आणि उरलेले पुढच्या महिन्यात अशी सोय नाही. पहिलं पाकीट पोहोचलं की ते तेवढ्यावर निर्णय घेऊ शकतात.

एनव्हीसीकडे असा दिवसांचा धाक नसतो, पण एक वर्षाचा नियम आहे. केस तयार झाल्याची सूचना आल्यावर वर्षभर तुमच्याकडून काहीच हालचाल झाली नाही तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. एखाद्या दाखल्यासाठी दीड वर्ष लागणार असं दिसत असेल तर गप्प बसू नका. वर्ष भरायच्या बऱ्याच आधी त्यांच्या वेबसाइटवरच्या चौकशी अर्जातून कळवा की आम्ही केस चालवतो आहोत, अमुक कागद यायचा आहे. आलेलं उत्तर जपून ठेवा.

मुलाखतीनंतर कागद कमी पडला तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते आणि तिथेही एक वर्षाचीच मुदत असते. त्याबद्दल शेवटी.

पायरी दुसरी : ‘शिळे होणारे’ आणि ‘शिळे न होणारे’ कागद वेगळे करा

एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात जन्मदाखला, लग्नाचा दाखला, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा त्या जोडीदाराचा मृत्युदाखला. हे एकदा मिळाले की मिळाले. दुसऱ्यात पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणजे पीसीसी, मेडिकल आणि पिटिशनरचे उत्पन्नाचे कागद. यांना वय असतं. पीसीसी साधारण दोन वर्षं चालतं, मेडिकल बहुतेक वेळा सहा महिने, आणि टॅक्सचे कागद नवं वर्ष उलटलं की जुने होतात.

पहिल्या रकान्यातल्या कागदांची सुरुवात आय-१३० भरल्याच्या आठवड्यातच करायची. मंजुरीला अनेक महिने जातात आणि बहुतेक घरांत तो काळ नुसता वाट बघण्यात संपतो. मग एनव्हीसीचं पत्र आलं की जन्मदाखल्यासाठी धावाधाव सुरू होते. दुसऱ्या रकान्यातल्या कागदांचं उलट आहे : ते लवकर काढले तर वाया जातात. ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदाराची केस एफ-२ए गटात असते आणि तिला व्हिसा बुलेटिनमधल्या, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकातल्या, तारखेची वाट बघावी लागते. अशा केसमध्ये पीसीसी उत्साहाने आधीच काढून ठेवलं तर मुलाखतीपर्यंत ते संपलेलं असण्याची शक्यता खरी आहे.

पिटिशनर मधल्या काळात नागरिक झाला तर लगेच एनव्हीसीला नागरिकत्वाचा पुरावा पाठवा. केस वरच्या गटात जाते आणि बुलेटिनची रांग सुटते. मात्र त्या केसमध्ये मुलं जोडलेली असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र पिटिशन लागतं. तेव्हा हे पाऊल टाकण्याआधी मुलांचा हिशोब करा.

पायरी तिसरी : जन्मदाखला

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून थोडं सविस्तर.

जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे असते, आपण वाढलो तिथे नसते. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे पुण्यात वाढलेल्या मुलीची नोंद कऱ्हाडजवळच्या आजोळी किंवा तिथल्या नगरपालिकेत निघते. घरचे लोक पुणे महानगरपालिकेत चकरा मारत राहतात आणि ‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर घेऊन परत येतात. आधी आईला किंवा मावशीला विचारा : दवाखाना कोणता, गाव कोणतं, तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती की नगरपालिका? शहरं वाढली तशी आसपासची गावं महानगरपालिकेत गेली आणि जुनी रजिस्टरंही इकडून तिकडे गेली. म्हणून ‘त्या वर्षाचं रजिस्टर सध्या कोणाच्या ताब्यात आहे’ असा थेट प्रश्न विचारा.

नोंद सापडली पण बाळाचं नावच नाही, असंही खूप होतं. ‘नाव’ या रकान्यात रेघ, ‘लिंग’ खाली स्त्री, मग आईवडिलांची नावं आणि तारीख. असा दाखला तसाच अपलोड करू नका. निबंधकाकडे नाव समाविष्ट करण्याचा अर्ज करा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र असे पुरावे लागतात. जुन्या नोंदींसाठी मुदतीचे नियम आहेत, ते त्या कार्यालयातच विचारा. नाव घालणं नाकारलं तर तसं लेखी घ्या.

नोंदच झालेली नसेल तर दोन वाटा. एक, उशिराची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर एका वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा अर्जांची छाननी बरीच कडक झाली आहे, तेव्हा पुरावे भक्कम ठेवा आणि वेळ धरून चाला. दुसरी वाट, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. तो त्याच स्थानिक कार्यालयाकडून मिळतो. त्याच्यासोबत आईचं किंवा वडिलांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते हयात नसतील तर वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं. प्रतिज्ञापत्रात लिहिणाऱ्याचं नातं, त्याला ही माहिती कशी आहे, जन्माची तारीख आणि जागा, आईवडील दोघांची पूर्ण नावं, एवढं यायलाच हवं. ‘मी अमुकला ओळखतो’ एवढ्यावर भागत नाही. सोबत शाळेचा दाखला जोडा.

माझं मत विचाराल तर तरुण अर्जदाराने आधी उशिराच्या नोंदीचा प्रयत्न करावा, कारण तो दाखला पुढे आयुष्यभर लागतो. १ एप्रिल १९७० च्या आधी जन्मलेल्यांनी दुसरी वाट धरायला हरकत नाही. अशा वयस्कर अर्जदारांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायला विसरू नका. जातीच्या दाखल्यासाठी लोक जिथे शोधतात तेच हे रजिस्टर, आणि त्यातल्या जन्मनोंदीची नक्कल मिळते.

कार्यालय नुसतं ‘उद्या या’ म्हणत असेल तर? तोंडी चकरा थांबवा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. जन्मदाखला आणि विवाह नोंदणी दाखला या दोन्ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील, मग दुसरं अपील करता येतं, आणि कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज केला तर तारीख आपोआप नोंदली जाते. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्जही कामाला येतो : ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली?’ एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे एनव्हीसीला दाखवायलाही उपयोगी पडतं.

पायरी चौथी : लग्न, आणि आधीचं लग्न

लग्नाचा दाखला म्हणजे निबंधकाचा. मंगल कार्यालयाचं, देवस्थानाचं किंवा विधी करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र हे नोंदणीसाठीचा पुरावा आहे, दाखला नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली लग्नापासून ९० दिवसांत ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा अर्ज, द्यायचं असतं. उशीर झाला तर दंड भरून नोंद होते. अडचण वेगळीच आहे : नवराबायको दोघांनी साक्षीदारांसह समक्ष हजर राहावं लागतं आणि अमेरिकेतला माणूस पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो. म्हणून लग्नाच्या तारखेआधीच निबंधकाकडून यादी घ्या, फोटो आणि ओळखपत्रांच्या प्रती तयार ठेवा, साक्षीदार सांगून ठेवा. ज्यांनी ही संधी सोडली त्यांना एका दाखल्यासाठी पुन्हा विमानाचं तिकीट काढावं लागतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस धरून रजा ठरवा.

आधीचं लग्न दोघांपैकी कोणाचंही असो, ते संपल्याचा पुरावा लागतो. घटस्फोट असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. नक्कल अर्ज भरताना दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लागते. फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर वेळ जातो. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या फारकतनाम्यावर विसंबून पुढे जाऊ नका. तसं प्रकरण असेल तर आय-१३० भरायच्या आधी वकिलाला दाखवा, कारण आधीचं लग्न कायद्याने संपलेलं नसेल तर नवं लग्नच प्रश्नात येतं.

पायरी पाचवी : नावांचा ताळा

टेबलावर पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शाळेचा दाखला आणि आधार एका ओळीत मांडा. आता फक्त वडिलांचं नाव वाचा. जन्मदाखल्यावर मराठीत ‘दत्तात्रय’, शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, पासपोर्टवर इंग्रजीत शेवटचा ‘ए’ आहे, लग्नाच्या दाखल्यावर तो नाही. मग आईचं नाव वाचा : जन्मदाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. मग स्वतःचं : लग्नात नाव बदललं असेल तर दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल तपासणाऱ्याला महाराष्ट्रातली ही रीत माहीत असेलच असं नाही.

प्रत्येक फरक दुरुस्त करायला जाऊ नका. तसं केलं तर वर्ष जाईल. फरकांचे तीन ढीग करा. स्पेलिंगमधला एखाददुसऱ्या अक्षराचा फरक एका प्रतिज्ञापत्राने भागतो, ज्यात ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं लिहून कोणत्या कागदावर काय आहे ते दिलेलं असतं. लग्नानंतर बदललेलं नाव लग्नाच्या दाखल्यावर आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही असेल तर तोच पुरावा. नसेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. जन्मतारीख, आईवडिलांचं मूळ नाव किंवा जन्मगाव यांतला फरक मात्र मूळ नोंदीतच दुरुस्त करून घ्यावा लागतो. तिसरा ढीग आधी हातात घ्या.

वापरलेली सगळी नावं डीएस-२६० मध्ये ‘इतर नावं’ या प्रश्नाखाली लिहायची. माहेरचं नाव तिथे राहून गेलं की पुढे प्रश्न निघतात.

केस चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलण्याची घाई टाळा असं मी सांगते. पीसीसीवर पासपोर्टचा नंबर असतो. नवा पासपोर्ट आला की ते परत काढण्याची वेळ येऊ शकते, डीएस-२६० उघडून घ्यावा लागतो, आणि सुरळीत चाललेल्या फाइलला विनाकारण थांबा लागतो. पासपोर्टची मुदतच संपत आली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पीसीसीच्या आधी नूतनीकरण करून मोकळे व्हा.

भाषांतराबद्दल थोडक्यात. मराठी दाखल्यासोबत इंग्रजी भाषांतर जोडाच. त्याखाली भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे’ असं लिहून नाव, सही आणि तारीख द्यावी. अपोस्टिलची, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदावरच्या सरकारी प्रमाणीकरणाच्या शिक्क्याची, या केसमध्ये गरज नसते. एजंट त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पायरी सहावी : पीसीसी

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी पीसीसी म्हणजे पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं. पोलीस आयुक्तालय नोकरीसाठी किंवा भाड्याच्या घरासाठी देतं ते चारित्र्य प्रमाणपत्र इथे चालत नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये फी, अपॉइंटमेंट, आणि गरज असेल तर पोलीस पडताळणी.

उशीर होतो तो पडताळणीत, आणि त्याचं मूळ बहुतेकदा पत्त्यात असतं. पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता, राहणं हिंजवडीत, आणि पोलीस आले तेव्हा घराला कुलूप. अर्जात सध्याचा पत्ता खरा आणि पुराव्यासह द्या, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. काही दिवस स्टेटस हललं नाही तर संबंधित पोलीस ठाण्याच्या पासपोर्ट विभागात अर्जाचा क्रमांक घेऊन जा आणि अहवाल पुढे गेला का एवढंच नम्रपणे विचारा. अहवाल गेलेला असून पोर्टलवर दिसत नसेल तर १८००-२५८-१८०० वर तक्रार नोंदवा आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात चौकशीची वेळ घ्या.

वयाच्या १६ व्या वर्षानंतर दुसऱ्या कोणत्याही देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही पोलीस प्रमाणपत्र लागतं. दुबई, मस्कत, सिंगापूर, लंडन, काहीही असो. अमेरिकेत राहिलेल्या काळासाठी मात्र लागत नाही. कोणत्या देशाचं कोणतं प्रमाणपत्र चालतं आणि ते कसं मिळवायचं, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर देशवार दिलेलं आहे. भारतासाठीचं पानही एकदा पूर्ण वाचा. एजंटच्या तोंडी माहितीपेक्षा ते पान प्रमाण.

गुन्हा नोंदलेला असेल, अटक झाली असेल, तर ते लपवू नका. सुटका झाली असली तरी कोर्टाचे कागद मागितले जातात. अशा केसमध्ये परवानाधारक इमिग्रेशन वकील घ्या, ट्रॅव्हल एजंट नको.

पायरी सातवी : अमेरिकेच्या बाजूचे कागद

भारतातल्या जोडीदाराच्या दाखल्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि केस परत येते ती आय-८६४ वरून. फॉर्मवर सही नाही, एक पान गळलेलं, कुटुंबातल्या माणसांची संख्या चुकलेली, किंवा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याचा, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा उतारा) जोडायचा राहिलेला. हा ट्रान्सक्रिप्ट आयआरएस मोफत देतं. पिटिशनरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावं लागतं. तेवढं नसेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सह-हमीदार होऊ शकतो, पण तेव्हाही पिटिशनरचा स्वतःचा आय-८६४ लागतोच. हे कितीदा सांगितलं तरी राहून जातं.

पिटिशनर स्वतः भारतात राहत असेल तर अमेरिकेतला रहिवास दाखवणं हा वेगळाच विषय होतो. तिथलं बँक खातं, घराचा करार, नोकरीचं पत्र, नागरिक असेल तर मतदार नोंदणी असे परत जाण्याच्या तयारीचे कागद आधीपासून जमवा.

फी दोन : व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर आणि आय-८६४ ची १२० डॉलर. दोन्ही परराष्ट्र खात्याच्या सीईएसी पोर्टलवर अमेरिकेतल्या बँक खात्यातून भरायच्या. फी जमा झाल्याचं दिसेपर्यंत पुढचे फॉर्म उघडत नाहीत, तेव्हा आमंत्रण आलं की हे काम पहिलं.

पायरी आठवी : अपलोड, आणि न मिळणाऱ्या कागदाचं पत्र

स्कॅन रंगीत, सरळ, चारही कडा दिसतील असा. मागच्या बाजूला शिक्का असेल तर तीही बाजू. मूळ दाखला आणि त्याचं भाषांतर एकाच फाइलमध्ये. पासवर्ड लावलेली पीडीएफ नको. मोबाइलने काढलेला तिरका फोटो, ज्यात निबंधकाचा शिक्का सावलीत गेलाय, परत येतो. आणि एक कागद जरी परत आला तरी दुरुस्त करून दिल्यावर पुन्हा तपासणीच्या रांगेत थांबावं लागतं. एनव्हीसी सध्या कोणत्या तारखेचे कागद तपासत आहे हे परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर नियमित दिलेलं असतं. त्या तारखेशी आपली तारीख ताडून बघा. तपासणी अजून तिथवर पोहोचलीच नसेल तर रोज चौकशी पाठवून काही साधत नाही.

एखादा कागद मिळूच शकत नसेल तर त्याची जागा रिकामी ठेवून थांबू नका. त्या जागी लेखी खुलासा अपलोड करता येतो. निर्णय शेवटी दूतावासातला अधिकारी घेतो. पत्र इंग्रजीत द्या. आशय साधारण असा असावा :

‘माझा जन्म अमुक तारखेला अमुक तालुक्यातल्या अमुक गावी झाला. मी ग्रामपंचायतीकडे अमुक तारखेला अर्ज केला, पोच सोबत आहे. त्या वर्षाचं रजिस्टर उपलब्ध नसल्याचं ग्रामपंचायतीने अमुक तारखेच्या पत्राने कळवलं, तेही सोबत आहे. तहसील कार्यालयातही शोध घेतला, त्याचं उत्तर जोडलं आहे. म्हणून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला सादर करत आहे.’

यात गयावया नाही, सरकारी कारभाराची तक्रारही नाही. तारीख, कार्यालय, उत्तर, जोडपत्र. वर सांगितलेल्या पोचा आणि माहिती अधिकाराची उत्तरं इथे कामाला येतात. ज्याने सगळं तोंडी केलं त्याच्याकडे या पत्राला जोडायला काहीच नसतं.

सगळे कागद स्वीकारले की केस ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ होते, लोक त्याला डीक्यू म्हणतात. त्यानंतरची मुलाखतीची वाट ही दूतावासातल्या तारखांवर अवलंबून असते.

घाई करण्याची विनंती करता येते, पण त्याला कारण लागतं : जीवघेणं आजारपण, तेही डॉक्टरांच्या सहीच्या कागदासह. विरह हे कारण कितीही खरं असलं तरी नियमात बसत नाही. केस नेहमीच्या वेळेपेक्षा खूपच रखडली असेल तर पिटिशनरने आपल्या मतदारसंघातल्या अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयाला लिहावं. तिथे अशा चौकशांसाठी माणसं नेमलेली असतात. पिटिशनरच्या सहीचं संमतिपत्र दिलं की ते विचारणा करतात. त्यामुळे रांग तोडता येत नाही, पण फाइल एखाद्या कोपऱ्यात राहिली असेल तर ती वर येते. यासाठी एकही पैसा लागत नाही.

पायरी नववी : मुलाखत, मेडिकल आणि २२१(जी)

मुलाखतीची तारीख कळली की त्याच दिवशी मेडिकलची वेळ ठरवून टाका, दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. लसीकरणाची जुनी कार्डं शोधून न्या. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाची शंका आली तर थुंकीची कल्चर तपासणी होते आणि तिला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. लहानपणी क्षयाचे उपचार झाले असतील तर ते कागद सोबत ठेवा. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मेडिकल ठेवणाऱ्यांना याच कारणाने थांबावं लागतं.

मुलाखतीला अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाची मूळ किंवा प्रमाणित प्रत न्यायची, पीसीसी दोन वर्षांच्या आतलं आहे ना ते तपासायचं, आणि मधल्या काळात नवं टॅक्स वर्ष भरलं असेल तर त्याचा ट्रान्सक्रिप्टही.

२२१(जी) ची चिठ्ठी हातात पडली की घरात रडारड होते. चिठ्ठी नीट वाचा. त्यावर कागद मागितला असेल, तर तो दिल्यावर केस पुढे जाते. नुसतं ‘प्रशासकीय प्रक्रिया’ लिहिलं असेल तर तुमच्याकडून काही नको असतं, थांबायचं असतं. कागद मागितला असेल तर तो चिठ्ठीवर लिहिलेल्या पद्धतीनेच द्या, एकदाच, पूर्ण. त्याची पोच, पाठवल्याची तारीख आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाचा स्कॅन दोघांकडेही असू द्या, भारतातही आणि अमेरिकेतही. वर्ष उलटलं तर फी भरून पुन्हा अर्ज करावा लागतो, म्हणून कागद मिळायला वेळ लागणार असेल तर दूतावासाला मधेच कळवत राहा. आणि या काळात नोकरीचा राजीनामा, भाड्याच्या घराची नोटीस, परत न मिळणारं विमानाचं तिकीट यांतलं काहीही करू नका. पासपोर्ट व्हिसासह हातात आला, त्यावरचं नाव आणि जन्मतारीख तपासली, व्हिसाची शेवटची तारीख बघितली, मगच तिकीट काढा आणि २३५ डॉलरची इमिग्रंट फी यूएससीआयएसच्या वेबसाइटवर निघण्याआधी भरून टाका. ती राहिली तर ग्रीनकार्ड छापून येत नाही.